अर्ध्या खोक्यातून पूर्ण रॉकेट: जुन्या मॉडेल रॉकेट किटची पुनर्बांधणी

माळ्यावरून उतरवलेल्या जुन्या किटच्या खोक्यात साधारण हेच सापडतं: एका टोकाला चेपलेली कागदी नळी, तीनपैकी एक फिन (मागचा पंख), बाल्सा या हलक्या लाकडाचा नोजकोन (टोकाचा शंकू), कसरीनं कुरतडलेला सूचनांचा कागद आणि चिकट भुगा झालेलं रबर. पॅराशूट, इंजिन माउंट (इंजिन धरणारी आतली नळी), डेकल (चिकटवायची छापील अक्षरं-चित्रं) गायब. एवढ्यावरूनही मूळ रॉकेट मिलिमीटरच्या हिशोबात परत उभं करता येतं. उरलेल्या वस्तू नुसते सुटे भाग नसतात, हरवलेल्या भागांची मापंही त्यांच्यावरच उमटलेली असतात. म्हणून गोंदाची बाटली सगळ्यात शेवटी उघडायची.

उदाहरणासाठी एस्टेस या अमेरिकन कंपनीचं ‘अल्फा’ घेतलं आहे. १९६७ सालचं हे किट शाळाशाळांत पोचलं. तीन बाल्सा फिन, बीटी-५० मापाची (बाहेरून २४.८ मिमी) नळी, १८ मिलिमीटरचं इंजिन, १२ इंची पॅराशूट, असा सरळ ऐवज. दुसरं किट असेल तर आकडे बदलतील, रीत हीच राहील.

आधी इंजिनाचा निकाल लावा

खोक्यात जुनं इंजिन असेल, म्हणजे पुठ्ठ्याची १८ मिमी व्यासाची, ७० मिमी लांबीची कांडी आणि तिच्यावर ए८-३ किंवा सी६-५ असा छाप, तर ते पेटवून बघायचं नाही. आतली काळी बारूद दाबून भरलेली असते. वर्षानुवर्षं एप्रिलची ४० अंशांची धग आणि जानेवारीचा कडाका सोसला की तो दाबलेला गाभा तडकतो किंवा कवचापासून सुटतो. ज्वाला त्या फटीत शिरली की सगळी बारूद एकदम पेटते आणि कांडी फुटते. भारतात असं इंजिन १८८४ च्या एक्सप्लोझिव्ह्ज ॲक्टखाली आणि २००८ च्या नियमांखाली येतं. परवान्याचं काम नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या केंद्र सरकारच्या स्फोटक-सुरक्षा संस्थेकडे आहे. त्यामुळे कुरियरनं मागवणं नाही, विमानात नेणं नाही आणि घरी बनवणं तर अजिबातच नाही. जुनं सापडलं तर आगीपासून लांब ठेवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात विचारा.

तुम्ही नाशिकमध्ये असाल तर आभाळही मोकळं नाही. एका बाजूला ओझरचा विमानतळ, दुसरीकडे गांधीनगरची लष्करी धावपट्टी, देवळालीला तोफखान्याचं केंद्र. तेव्हा हे रॉकेट कपाटात ठेवण्यासाठीच बांधायचं, मात्र वजन आणि तोल उडणाऱ्या रॉकेटचा ठेवायचा. नुसता दिसायला सारखा सांगाडा करायचा असेल तर पुढचा निम्मा लेख सोडून दिलात तरी चालेल.

उरलेले भाग वाचणं

लागणारं सामान थोडं आहे: ०.०५ मिमी मोजणारा व्हर्नियर कॅलिपर, ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा, स्टीलची पट्टी, पातळ ट्रेसिंग पेपर आणि तिरका प्रकाश टाकता येईल असा टेबललॅम्प. काटा नसेल तर सराफ बाजारातल्या ओळखीच्या पेढीवर दोन मिनिटांचं काम आहे.

खोलीतला दिवा बंद करा. टेबललॅम्प नळीच्या अगदी जवळ, जवळपास आडवा धरून नळी सावकाश फिरवा. फिन जिथे चिकटली होती तिथे गोंदाची बारीक वाळकी कड किंवा रंग न लागलेली उभी पट्टी दिसते. त्या पट्टीची लांबी म्हणजे फिनच्या मुळाची लांबी, आणि तिचं खालचं टोक नळीच्या कडेपासून जितकं वर तितकी फिन वर बसवायची. पट्टीची रुंदी म्हणजे फिनची जाडी. मात्र तिच्यात गोंदाची भर धरलेली असते, म्हणून जाडी शक्यतो उरलेल्या फिनवरूनच घ्यावी. दोन फिनांच्या मधोमध एखादी अरुंद खूण दिसली तर ती लाँच लगची, म्हणजे उडवताना रॉकेट सळीवर सरळ ठेवणाऱ्या बारीक नळीची.

आता नळीच्या आत मोबाइलची टॉर्च टाका. गोंदाची गोल वर्तुळं दिसतील. ती इंजिन माउंटच्या रिंगांची. खालच्या कडेपासून प्रत्येक वर्तुळ किती आत आहे ते मोजा. पट्टी आत जात नसेल तर उदबत्तीच्या काडीवर पेनानं खूण करून मोजा. वरच्या टोकापासून तीन-चार सेंटिमीटर आत कागदाच्या घडीचा चौकोनी ठसा असेल तर शॉक कॉर्ड, म्हणजे नोजकोन नळीला बांधून ठेवणारी लवचीक दोरी, तिथे चिकटवलेली होती.

सगळी मापं एका कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे ‘मोजलं’ किंवा ‘अंदाज’ असा शेरा मारा. आठवड्याभरानं दोन्ही आकडे सारखेच खरे वाटू लागतात, तेव्हा हा शेराच वाचवतो.

इंचांचा घोळ इथेच मिटवा. या किटांची मापं इंचांच्या अपूर्णांकात ठरलेली असत. कॅलिपरनं फिनची जाडी २.३५ मिमी आली तर मूळ माप ३/३२ इंच, म्हणजे २.४ मिमी. लाकूड थोडं आक्रसलेलं आहे एवढंच. लाँच लगचं भोक ४ मिमी भरलं तर ते ५/३२ इंच. नळ्यांची मापं अशी: बीटी-२० आतून १८.० आणि बाहेरून १८.७ मिमी, बीटी-५० आतून २४.१, बाहेरून २४.८, बीटी-५५ आतून ३२.६, बाहेरून ३३.७, बीटी-६० आतून ४०.५, बाहेरून ४१.६. तुमची नळी यांतल्या एकीशी जुळली की किटचं कुटुंब कळलं. त्या काळच्या कॅटलॉगची पानं हौशी मंडळींनी स्कॅन करून ठेवलेली आहेत. त्यांतल्या भागक्रमांकांत बीएनसी म्हणजे बाल्सा नोजकोन आणि बीटी म्हणजे बॉडी ट्यूब, एवढं कळलं तरी यादी वाचता येते.

दुरुस्ती की नक्कल?

निम्म्याहून जास्त भाग मूळ असतील आणि किट आधीच जोडलेलं असेल तर दुरुस्ती करा. किट कधी जोडलेलंच नसेल, तर मूळ भागांना हातही लावू नका. त्यांच्यावरून मापं घेऊन संपूर्ण नक्कल बनवा आणि मूळ खोका तसाच ठेवा. न जोडलेला बाल्सा एकदा गोंदला की परत ‘न जोडलेला’ होत नाही. संग्राहकाला मोल असतं ते नेमकं त्याचंच.

नळी

चेपलेलं टोक आधी सरळ करून बघा. आत बरोबर बसणारी गोल दांडी घाला, बाहेरून ओलसर, पाणी न टपकणारं फडकं दहा मिनिटं गुंडाळा आणि दांडीवरच वाळू द्या. कागदाचे थर सुटले असतील तर पातळ फेविक्विक थेंबाथेंबानं आत झिरपू द्या. सुरकुती पक्की मोडलेली असेल तर मात्र तेवढा तुकडा कापून नवी नळी जोडावी लागते.

मूळ नळी फार पातळ असते. बीटी-५० ची भिंत जेमतेम ०.३३ मिमी. बाजारात मिळणारी कापडाच्या गुंडाळीची किंवा फॉइलची पुठ्ठ्याची नळी हिच्यापेक्षा कितीतरी जाड असते, त्यामुळे तो मार्ग नकोच. नळी घरी वळा. नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या टर्नरकडून (लेथवाल्याकडून) ३०० मिमी लांबीची नायलॉनची किंवा ॲल्युमिनियमची दांडी बरोबर २४.० मिमी व्यासाची करून घ्या. ‘फिनिशिंग कट मारून द्या’ असं सांगा, नाहीतर हत्याराच्या रेघा नळीच्या आत उमटतात.

८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो, तेव्हा तीन फेऱ्या पुरतात. तीन फेऱ्यांना सुमारे २३० मिमी कागद लागतो. ए४ रुंदीच्या दिशेनं गुंडाळला तर २१० मिमीच मिळतात, ते कमी पडतात, म्हणून ए३ घ्या. कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा. ज्या दिशेनं सहज वळतो तीच गुंडाळण्याची दिशा. उलटा गुंडाळला तर कड उघडी पडत राहते आणि नळीला कोन येतात.

दांडीवर मेणबत्ती घासा आणि तिच्यावर बटर पेपरची एक फेरी घाला. ती फेरी धरून दांडी आपोआप २४.१ च्या आसपास येते. कागदाची पहिली फेरी कोरडी ठेवा. उरलेल्या भागावर तीन भाग फेविकॉल आणि एक भाग पाणी यांचं मिश्रण जुन्या एटीएम कार्डानं अगदी पातळ पसरवा आणि ताण कायम ठेवत एका दमात गुंडाळा. थांबलात की सुरकुती. वीस मिनिटांनी नळी दांडीवर एकदा फिरवून सैल करा, कारण वाळताना ती आवळत जाते. रात्रभर तशीच ठेवली तर सकाळी दांडीसकट फेकून द्यावी लागेल. चोवीस तासांनी १९७ मिमीवर कापा. दांडी आतच ठेवून, बाहेर कागदाची पट्टी गुंडाळून, तिच्या कडेनं नवं ब्लेड पाच-सहा वेळा हलक्या हातानं फिरवा. कागदाची शेवटची कड ज्या रेषेवर आली असेल तिथेच एक फिन बसवा, म्हणजे जोड झाकला जातो.

मूळ नळ्यांवर पट्टी तिरकी गुंडाळल्याची मळसूत्री खाच दिसते. घरच्या सरळ गुंडाळीत ती येत नाही. चांगले बांधणारे ती खाच नाहीतरी भरूनच टाकत, त्यामुळे याची खंत करू नये.

नोजकोन

मूळ असेल आणि फक्त टोक मोडलं असेल, तर मोडकी जागा सपाट घासा, बाल्साचा ठोकळा फेविकॉलनं चिकटवा आणि वाळल्यावर आकार द्या. पूर्ण बनवायचा असेल तर मूळचा किंवा कॅटलॉगमधला आकार जाड कार्डशीटवर कापून ‘उलटा’ साचा करा. फोटोवरून आकार घेताना मोबाइल तीन मीटर लांब ठेवून झूम करा. जवळून काढलेल्या फोटोत टोक निमुळतं आणि मधला भाग फुगीर दिसतो.

३० मिमी चौरस बाल्साच्या ठोकळ्यात ६ मिमीची दांडी ४० मिमी खोल गोंदा, दांडी ड्रिल मशिनच्या चकमध्ये धरा आणि कमी वेगावर ८०, १२०, २२०, ४०० असे पॉलिश पेपर क्रमानं लावा. साचा वारंवार लावून बघा. बाल्सा फसवा असतो. ८० नंबरचा कागद दहा सेकंद जास्त टेकला तरी अर्धा मिलिमीटर गायब. खांदा २४.१ च्या नळीत जरा घट्ट बसेल इतका ठेवा. परीक्षा अशी: नोजकोन धरून रॉकेट उचललं तर लटकलं पाहिजे, आणि हलका झटका दिला की सुटलं पाहिजे.

थ्री-डी प्रिंटचा मोह होईल. या मापाचा बाल्सा कोन सुमारे तीन ग्रॅमचा, तर ०.८ मिमी भिंतीचा पीएलए प्लास्टिकचा कोन चार-पाच ग्रॅमचा होतो. पुढचं वजन वाढल्यानं तोल बिघडत नाही, उलट सुधारतो. पण थरांच्या रेघा घासून काढायला बाल्सा कोरण्याइतकाच वेळ जातो.

फिन

इथे मात्र वजन नडतं. बाल्साऐवजी सावरीची किंवा प्लायची फिन लावली की मागचं वजन वाढतं आणि गुरुत्वमध्य मागे सरकतो. २.५ मिमी बाल्सा शीट घ्या आणि पॉलिश पेपर गुळगुळीत ठोकळ्यावर ताणून २.४ वर आणा. शीट उचलून बघा; एकाच मापाच्या दोन शीटांच्या वजनात दुपटीचा फरक असू शकतो. मध्यम निवडा. फार हलकी शीट नखानं दबते.

उरलेली फिन ट्रेस करताना झिजलेले कोपरे पट्टीनं वाढवून पूर्ण करा. लाकडाची नस पुढच्या कडेला समांतर ठेवायची. नस मुळाशी समांतर ठेवली तर फिन पहिल्याच पडण्यात मुळापाशी मोडते. जुनी एकटी फिन सापडते ती बहुतेक वेळा याच कारणानं. तिन्ही फिन एकत्र टाचणीनं टोचून एकदम घासा, म्हणजे एकसारख्या होतात. मग प्रत्येकीचं वजन करा, ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त फरक असेल तर जड असलेली आणखी घासा.

नळीचा परीघ ७७.९ मिमी, म्हणजे दोन फिनांमध्ये जवळपास २६ मिमी. पट्टीनं मोजत बसू नका. कागदाची पट्टी नळीभोवती गुंडाळा, जिथे टोक जुळतं तिथे कापा, तिचे तीन सारखे भाग करा आणि खुणा नळीवर उतरवा. उभ्या रेषेसाठी नळी ॲल्युमिनियमच्या एल-अँगलच्या खोबणीत ठेवा आणि अँगलच्या कडेनं पेन्सिल ओढा. डोळ्यानं ओढलेली रेषा हमखास तिरकी जाते.

चिकटवताना दोन हात गोंद लावा. फिनच्या मुळाला आणि नळीवर फेविकॉलचं पातळ बोट फिरवून पूर्ण वाळू द्या. मग पुन्हा बारीक थर देऊन फिन टेकवा. अर्ध्या मिनिटात धरते. तिन्ही बसल्यावर, रॉकेट आडवं ठेवून, फिन आणि नळी यांच्यातल्या कोपऱ्यांत गोंदाची पातळ पाळ ओढा. एका वेळी एकच कोपरा. उभं धरलं तर गोंद खाली ओघळून थेंब जमतो.

इंजिन माउंट

बीटी-२० मापाची ७० मिमीची नळी १८.० मिमी दांडीवर वर सांगितल्याच रीतीनं वळा. दोन रिंगा बाइंडिंगच्या १.५ मिमी पुठ्ठ्यातून कापा: आतून १८.७, बाहेरून २४.१. लेझर कटिंग करून घेत असाल तर किरण ०.१ ते ०.२ मिमी पुठ्ठा खातो, तेवढी भर धरा. पूर्वी गोंदात दिसलेल्या वर्तुळांच्या अंतरावर रिंगा बसवा. आत दोनऐवजी एकच वर्तुळ दिसलं असेल तर दुसरी रिंग सैल सुटून हरवलेली असते. ती नळीच्या तोंडाजवळ धरा.

इंजिन जागेवर धरणारा हुक बनवायला १ मिमी स्प्रिंग स्टीलची तार घ्या. दोन वाकांमधलं अंतर ७०.५ मिमी ठेवा. साधी बांधणीची तार नको, ती एकदा वाकली की परत येत नाही.

आता सगळ्यात जास्त फसणारी पायरी. फेविकॉल लावलेलं माउंट नळीत सरकवताना मधेच थांबलात तर पाण्यानं फुगलेला कागद ते तिथेच धरतो, आणि मग पुढेही नाही, मागेही नाही. शिवाय पांढरा गोंद वाळताना आक्रसतो आणि पातळ नळीला कंबर पडते. म्हणून इथे हळू सुकणारं अराल्डाइट वापरा. गोंद रिंगेवर लावायचा नाही, ती तो सगळा पुढे ढकलत नेते. नळीच्या आत, रिंगेच्या जागेच्या किंचित अलीकडे, काडीनं वर्तुळ ओढा. मग एका दमात खुणेपर्यंत ढकला.

दोर, पॅराशूट, लग

शॉक कॉर्डसाठी शिंप्याकडचं ३ मिमी चपटं इलॅस्टिक चालतं. एक टोक कागदाच्या तीन घड्यांत गोंदून आत चिकटवा, पण नोजकोनच्या खांद्याची लांबी मोजून त्याच्या खालीच, नाहीतर टोपण बसत नाही.

पॅराशूटची षट्कोनी छत्री ३०५ मिमीची, साधारण ०.०२५ मिमी जाड पॉलिथीनची. मातीत विरघळणाऱ्या कचऱ्याच्या पिशव्या टाळा; दोन वर्षांत त्यांचे तुकडे पडतात. दोर साधा सुती घ्या. जानेवारीत येवल्याला पतंगासाठी आसारीवर (फिरकीवर) गुंडाळलेला मिळतो तो चालेल, मात्र काचेचा मांजा नको, तो प्लास्टिक कापतो. ६५० मिमीचे तीन दोर सलग सहा कोपऱ्यांना चिकटवले की सहा दोऱ्या होतात.

लाँच लग ४ मिमीच्या ड्रिल बिटवर तीन फेऱ्या कागद वळून होतो.

तोल तपासा

डमी इंजिन हवं: १७.७ मिमी व्यासाची ७० मिमी लांबीची लाकडी दांडी. ती दहा-अकरा ग्रॅमच भरते, तर खरं सी६ इंजिन सुमारे २४ ग्रॅमचं. तेव्हा दांडीला भोक पाडून मासेमारीचं शिसं भरा. डमी आणि पॅराशूट घालून रॉकेट पट्टीच्या कडेवर तोलून गुरुत्वमध्य काढा. ओपनरॉकेट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मापं भरली की दाबमध्य, म्हणजे हवेचा दाब जिथे एकवटतो तो बिंदू, मिळतो. त्यामागचं गणित जेम्स बॅरोमन यांनी १९६६ साली मॉडेल रॉकेटवाल्यांसमोर मांडलं. गुरुत्वमध्य दाबमध्याच्या पुढे किमान एक व्यास, म्हणजे इथे २५ मिमी, असला पाहिजे. कमी भरला तर फिनचं लाकूड जड निघालं किंवा मागे गोंद जास्त झाला. नोजकोनमध्ये थोडं शिसं घालून भागतं, पण फिन घासणं जास्त प्रामाणिक.

रंग आणि डेकल

बाल्साला तीन हात सँडिंग सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा लेप), प्रत्येक हातानंतर ३२० नंबर. हे काम नाशिकच्या पावसाळ्यात करू नका. हवेतली ओल सुकणाऱ्या सीलरवर बसते आणि पृष्ठभाग पांढुरका पडतो. जून ते सप्टेंबर मापं आणि लाकूडकाम, दिवाळीनंतर रंग. डिसेंबरच्या सकाळी स्प्रेचा डबा थुंकतो; कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा, गॅसवर कधीच नाही. जुन्या इनॅमलवर लॅकर मारलात तर खालचा रंग सुरकुततो, म्हणून दोन्ही थर एकाच जातीचे ठेवा.

मूळ डेकलचा तुकडा असेल तर शेजारी स्टीलची पट्टी ठेवून ६०० डीपीआयला स्कॅन करा. पिवळेपणा कॉम्प्युटरवर काढा. छापताना कागदावर १०० मिमीची एक रेघही छापा आणि मोजा. झेरॉक्सवाल्याचं मशीन एखादा टक्का लहानमोठं करतंच. प्रिंटर पांढरी शाई छापत नाही, त्यामुळे गडद नळीवर पांढरी अक्षरं हवी असतील तर पांढऱ्या पायाचा डेकल पेपर घ्या आणि अक्षरांच्या कडेनं कापा. इंकजेटची छपाई असेल तर पाण्यात बुडवण्याआधी क्लिअर लॅकरचे दोन हलके हात, नाहीतर रंग वाटीत उतरतो.

नोजकोनच्या खांद्यावर आणि नळीच्या आत पेन्सिलीनं ‘नक्कल’ आणि साल लिहा. उरलेले मूळ भाग वेगळ्या खोक्यात, आम्लमुक्त कागदात गुंडाळून ठेवा. कसरीसाठी वेखंडाचे तुकडे टाका. डांबराच्या गोळ्या नकोत. किटमध्ये पॉलिस्टायरीनचा भाग असेल तर त्यांच्या वाफेनं तो मऊ पडून खोक्याला चिकटतो.